आजी काटोलला गेली त्या दिवशी तो शाळेत गेला

सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं. नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या घराच्या ओसरीवर आठ वर्षांचा मुलगा गुडघे पोटाशी घेऊन बसला आहे. अंगात गणवेश, एका पायात मोजा, दुसरा हातात. गल्लीच्या तोंडाशी व्हॅनवाल्या काकांनी दोनदा हॉर्न दिला आहे. आई डब्याची पिशवी धरून उभी, आजी देवघराच्या दारात, आणि हिंगण्याच्या एमआयडीसीतून रात्रपाळी करून आलेले बाबा अजून बूट न काढता म्हणतात, "रोजचंच झालं हे याचं." मुलगा खाली बघत एवढंच म्हणतो, "पोट दुखून राहिलं."

व्हॅन निघून जाते. नऊच्या आसपास पोट दुखायचं थांबतं. दहा वाजता तो आजीजवळ बसून पोहे खात असतो.

मी शाळांमधून समुपदेशक म्हणून काम करते. हे प्रकरण कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे. लिहिलेलं त्यांनी वाचलं आहे, ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत, आणि शाळेचं किंवा कुणाचंही नाव दिलेलं नाही. या घरात जी चूक झाली ती मुलावरच्या मायेपोटी झाली. तशीच चूक, तितक्याच मायेने, मी अनेक घरांत होताना पाहिली आहे, म्हणून हे पालकांसाठी सविस्तर मांडावंसं वाटलं.

मुलगा तिसरीत, सेमी इंग्रजी शाळेत. अभ्यासात बरा, चित्रकलेत रमणारा, मित्र मोजके पण घट्ट. आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. शाळा उघडल्याच्या तिसऱ्या दिवसापासून पोटदुखी सुरू झाली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आई माझ्याकडे आली तोवर सोळा दिवस बुडाले होते. शाळेने हजेरीबद्दल चिठ्ठी पाठवली होती. बाबांनी एकदा हात उचलला होता आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटत होतं. आजीने दृष्ट काढून पाहिली होती.

डॉक्टरकडे ते आधीच जाऊन आले होते, आणि ते योग्यच केलं. पोटदुखीच्या मागे काही शारीरिक कारण नाही ना, हे बघितल्याशिवाय "मनाचं आहे" असं कोणीही म्हणू नये. वजन घटणं, ताप, वारंवार उलट्या, शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारी कळ, यांतलं काहीही असेल तर आधी बालरोगतज्ज्ञ. या मुलाला यातलं काही नव्हतं. लघवी-शौचाची तपासणी आणि सोनोग्राफी, सगळं ठीक निघालं. मग बाबांनी त्याचा अर्थ लावला की पोरगं ढोंग करतंय.

तसं नव्हतं. आतडी आणि मेंदू यांच्यात नसांचं दाट जाळं आहे. भीती वाटली की पोटाची हालचाल बदलते, कळ येते, मळमळतं. परीक्षेच्या दिवशी मोठ्यांनाही हे होतं. दुखणं खरंच असतं, फक्त त्याचं मूळ पोटात नसतं. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे त्याले खरंच दुखून राहिलं होतं."

पहिल्या दोन भेटींत मी शाळेकडेच बघत राहिले. शाळेत जायला मूल नाही म्हणतं तेव्हा आपण सगळेच आधी शाळेत कारण शोधतो. कोणी त्रास देतं का, व्हॅनमध्ये मोठी मुलं चिडवतात का, गणिताची धास्ती आहे का, शाळेचं स्वच्छतागृह घाण आहे म्हणून दिवसभर लघवी रोखून धरतो का. हे प्रश्न विचारायलाच हवेत, कारण बऱ्याचदा उत्तर तिथेच सापडतं. इथे सापडलं नाही. वर्गशिक्षिका म्हणाल्या, एकदा वर्गात आला की तो छान असतो. फक्त मधल्या सुट्टीत येऊन माझ्या फोनवरून घरी फोन लावू द्या म्हणतो, आणि फोनवर एकच विचारतो, आजी जेवली का. शिक्षिकेला त्याचं कौतुक वाटायचं. मलाही तेव्हा ते नुसतं कौतुकच वाटलं.

आईला मी एक वही ठेवायला सांगितली. किती वाजता झोपला, किती वाजता उठला, पोट कधी दुखायला लागलं, कधी थांबलं, आणि त्या वेळी घरात कोण कोण होतं. हा शेवटचा रकाना पालकांना निरर्थक वाटतो. पण पुढचं सगळं त्यातूनच उघडलं.

दोन आठवड्यांच्या नोंदींत रविवार कोरे होते, ते अपेक्षितच होतं. पण एक गुरुवारही कोरा होता. त्या दिवशी तो साडेसातला उठला, दूध प्यायला, मोजे स्वतः घातले आणि व्हॅनमध्ये जाऊन बसला. घरातल्या माणसांच्या रकान्यात आजीचं नाव नव्हतं. आजी आदल्या संध्याकाळीच एसटीने काटोलला बहिणीकडे गेली होती.

आईबाबांनी यावरून जो निष्कर्ष काढला तो कोणीही काढला असता. आजी लाड करते, पोहे करून देते, गोष्टी सांगते, म्हणून तो घरी राहायला बघतो. आजी नसली की नाटक नाही. बाबांच्या मनात तर आजीला महिनाभर काटोललाच ठेवायचं होतं. आजीच्याही कानावर ते आलं होतं आणि ती माऊली आतून खचली होती. मला म्हणाली, "माह्यामुळे पोराची शाळा बुडून राहिली का वो मॅडम?"

मी मुलालाच विचारलं. आम्ही दोघं रंगीत खडू घेऊन बसलो होतो, तो ट्रक काढत होता. म्हटलं, त्या गुरुवारी पोट का दुखलं नसेल रे? तो ट्रकची चाकं काढतच म्हणाला, "आजी तिकडे होती ना. तिथे मावशीआजी असते."

"आणि इथे?"

"इथे दुपारी ती एकटीच असते. आबा पण एकटेच होते."

मग मला मार्च महिन्याची हकीकत कळली. ती आईने पहिल्या भेटीत एका वाक्यात सांगून टाकली होती आणि मीही एका वाक्याइतकीच ऐकली होती. मार्चमध्ये एका सकाळी मुलगा शाळेत गेल्यावर आबांना हृदयविकाराचा झटका आला. आजी देवळात गेली होती, आई कामावर, बाबा पाळीवर. शेजारच्यांनी दवाखान्यात नेलं, दुसऱ्या दिवशी आबा गेले. मुलाला काकांनी शाळेतूनच परस्पर मानेवाड्याला मावशीकडे नेलं. तिथे तो तेरवीपर्यंत राहिला. "लहान जीव, त्याने कशाला हे सारं पाहायचं," असं सगळ्यांचं एकमत होतं. तो परत आला तेव्हा आबांची खाट उचललेली, चष्मा आणि काठी दिसेनाशी झालेली. फोटोही लावला नव्हता, पोराच्या नजरेला पडू नये म्हणून. त्याने विचारलं तेव्हा बाबा म्हणाले आबा गावाला गेलेत, आजी म्हणाली देवाघरी गेलेत, आणि आईने विषय बदलला.

आठ वर्षांच्या मुलाला आबा वारले हे कळत नाही असं कोणी समजू नये. सहा-सात वर्षांपर्यंत बहुतेक मुलांना कळायला लागतं की मेलेलं माणूस परत येत नाही. त्यातून हा महालातला पोरगा, गल्लीतल्या मित्रांनी त्याला पहिल्याच संध्याकाळी सांगून टाकलं होतं. त्याला मरण कळलं होतं. पण त्यासोबत त्याने आणखी दोन गोष्टी शिकून घेतल्या: मी शाळेत असताना घरी असं होतं, आणि झालं तरी मला कोणी खरं सांगत नाही.

मग उरतं काय? पहारा. स्वतः घरी थांबायचं आणि आजीवर नजर ठेवायची. नाहीच थांबता आलं तर मधल्या सुट्टीत फोन करून ती जेवली का ते विचारायचं, म्हणजे ती आहे हे कळतं. काटोलला तिच्यावर नजर ठेवायला मावशीआजी होती, म्हणून त्या दिवशी त्याला सुट्टी मिळाली. आजीला काटोलला पाठवायचा बेत तडीस गेला असता तर काही आठवडे तो शाळेत गेलाही असता, पण आजीसुद्धा आबांसारखी न सांगता नाहीशी झाली, एवढंच त्याच्या मनात पक्कं झालं असतं.

शाळा नको म्हणणाऱ्या लहान मुलांपैकी अनेकांना शाळेची भीती नसते, घर सोडण्याची असते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, आणि त्यामुळेच उपाय उलटे पडतात.

बाबांनी सांगायचं ठरलं. वडील त्यांचे होते, आणि मार्चपासून त्यांनीही कोणापुढे डोळ्यांत पाणी येऊ दिलं नव्हतं. त्यांची खरी अडचण वेगळीच होती. "मी त्याच्यासमोर रडलो तर?" मी म्हटलं, रडा. तुमचे वडील गेले म्हणून तुम्ही रडताय आणि रडून झाल्यावर परत उठून उभे राहताय, हे त्याला दिसू द्या.

आम्ही वाक्यं आधी लिहून काढली. लहान वाक्यं, आडपडदा नसलेली. आबांचं हृदय बंद पडलं. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, पण ते वारले. ते परत येणार नाहीत. तू शाळेत गेलास म्हणून हे झालं नाही, आणि तू घरी असतास तरी तुला ते थांबवता आलं नसतं. आम्ही तुला खरं सांगितलं नाही, ती आमची चूक झाली. घरात कोणालाही काही झालं, तर त्याच दिवशी आम्हीच तुला सांगू.

हे शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आजीला काही होणार नाही, असं वचन देण्याचा मोह प्रत्येक पालकाला होतो. ते वचन कोणाच्याच हातात नाही आणि मुलाला ते ठाऊक असतं. खरं सांगण्याचं वचन मात्र पाळता येतं.

रविवारी संध्याकाळी दोघं शुक्रवारी तलावावर गेले. आबा त्याला तिथेच फिरायला न्यायचे. बाबांनी नंतर मला सांगितलं की वाक्यं निम्मी विसरली, पण गाभा सांगितला गेला. मुलाने विचारलं, आजी पण मरेल का? बाबा म्हणाले, हो, कधी ना कधी सगळेच मरतात, पण आजीची तपासणी आपण केली आहे, साखरेची गोळी ती रोज घेते. नंतर बराच वेळ शांतता. मग त्याने विचारलं, आबांना जाळलं तेव्हा दुखलं का? या प्रश्नाची तयारी मी करून घेतली नव्हती. बाबांनी स्वतःच्याच शब्दांत सांगितलं, "नाही रे बाबू. शरीर बंद झालं की काहीच दुखत नाही." घरी येऊन दोघांनी मिळून आबांचा फोटो भिंतीवर लावला. खिळा मुलाने धरला.

दुसऱ्या दिवशी सोमवार. पोट दुखलंच.

पालकांची इथे फार निराशा होते, म्हणून थोडं थांबून सांगते. मनातली गाठ सुटली म्हणून सकाळ आपोआप सुटत नाही. सहा-सात आठवडे शरीर रोज त्या वेळेला घाबरत आलेलं असतं, ती त्याची सवय होऊन बसते. ती सवय रोजच्या वेळापत्रकानेच मोडावी लागते आणि त्यात कंटाळवाणं, नेटाचं काम फार असतं.

आम्ही सुरुवात आदल्या रात्रीपासून केली. बाबा रात्रपाळीला सव्वादहाला निघायचे, आणि तोवर मुलगा आईचा मोबाइल घेऊन जागा राहायचा. झोपायला अकरा. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास झोप लागते, याला जेमतेम आठ मिळत होती. लहान मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून शासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवण्याचा निर्णय काढला. या शाळेने तो पाळला होता, पण घरातली रात्र लांबली तर त्याचा काय उपयोग? आता जेवण आठला, दप्तर त्याच वेळी भरायचं, गणवेश खुर्चीवर, मोजे बुटात खोचलेले. सव्वानऊला बाबा त्याच्याजवळ दहा मिनिटं बसून निरोप घेणार आणि मग दिवा बंद. मोबाइल स्वयंपाकघरात.

सकाळी आजीचा पहिला प्रश्न असायचा, "आज पोट कसं आहे रे बाबू?" काळजीचाच प्रश्न, पण त्याने मुलाचं सगळं लक्ष पोटाकडे जायचं. तो प्रश्न बंद केला. त्याने स्वतः सांगितलं तर एवढंच म्हणायचं, "हो, दुखत असेल. थोडं पाणी पी, आपण हळूहळू निघू." नाकारायचं नाही आणि धरूनही बसायचं नाही. ताप किंवा उलटी असेल तर घरी. बाकी दिवशी घरी राहिलाच तर टीव्ही नाही, मोबाइल नाही, आजीच्या गोष्टी नाहीत, टेबलाशी बसून शाळेचाच अभ्यास. ही शिक्षा नव्हती, आवाज न चढवता पाळायचा नियम होता. आजीला हा भाग सगळ्यात जड गेला आणि तिनेच तो सगळ्यात नीट पाळला.

मग आजीची व्यवस्था. मुलाची भीती वाजवीपेक्षा मोठी होती, पण निराधार नव्हती. बाबा रात्रपाळीनंतर झोपलेले असायचे, त्यामुळे सत्तरीची, साखरेचा आजार असलेली बाई रोज सहा तास खरंच एकटी असल्यासारखीच असायची. तेव्हा तिच्यासाठी खरोखरच काही करणं भाग होतं. समोरच्या काकूंकडे घराची किल्ली दिली. त्या रोज साडेबाराला येऊन आजीसोबत बसायला लागल्या. भिंतीवर मोठ्या अक्षरांत दूरध्वनी क्रमांक लावले, आणि त्यात रुग्णवाहिकेचा 108 मुलाने लाल खडूने लिहिला. शिवाय त्याने एक तक्ता केला, वर मथळा "आजीचा दिवस". आजी सांगत गेली, तो लिहीत गेला: साडेनऊ पूजा, साडेदहा भाजी निवडणे, साडेबारा काकू, दुपारी एक जेवण आणि पेपर, दोन झोप, पावणेचार व्हॅनची वाट बघणे. त्याची एक प्रत दप्तरात गेली. वर्गात बसल्या बसल्या त्याला आता कळत होतं की आजी या क्षणी काय करते आहे.

शाळेशी बोलताना मुख्याध्यापिकांना आधी हजेरीची काळजी होती. सगळी योजना एका पानावर लिहून दिली तेव्हा त्यांना ती पटली. पहिले तीन दिवस फक्त मधल्या सुट्टीपर्यंत, मग जेवणाच्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण दिवस. वर्गशिक्षिका फाटकाशी यायच्या आणि त्याच्या हातात फळ्यावरची तारीख-वार लिहायचं काम द्यायच्या. पोट दुखलं तर ऑफिसातल्या बाकावर दहा मिनिटं, मग परत वर्ग. घरी पाठवायचं नाही. आणि तो फोन. प्रत्येक फोनने त्याला पाच मिनिटं बरं वाटायचं आणि पुढच्या फोनची गरज वाढायची. म्हणून पहिला आठवडा रोज एक, दुसरा आठवडा एक दिवसाआड, तिसऱ्यापासून बंद. शिक्षिकेला मन कठोर करावं लागलं. पहिला आठवडाभर बाबा रात्रपाळीहून आले की न झोपता त्याला स्कूटरवर शाळेत सोडून यायचे.

तीन आठवड्यांत तीन दिवस बुडाले. पुढच्या महिन्यात एक, तोही खऱ्या तापाचा.

मधेच पोळा आला. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सजवून मिरवण्याचं काम दरवर्षी आबा आणि नातवाचं. या वर्षी बैल काढायचाच नाही असं आईच्या मनात होतं. मुलानेच माळ्यावरून तो उतरवला. आबांनी रंगवलेल्या शिंगांचा रंग उडाला होता, तो बाबांनी आणि त्याने मिळून दिला. शेजारपाजारी बैल घेऊन फिरताना तो प्रत्येकाला सांगत होता, "हा आबांचा आहे, ते वारले." आई म्हणते तिला धस्स झालं. मला हे ऐकून फार बरं वाटलं. जे घरात कोणी उच्चारत नव्हतं ते तो आता मोकळेपणाने गल्लीत बोलत होता.

दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी पोटदुखी पूर्ण जोराने परतली. मी हे आधीच सांगून ठेवलं होतं, कारण लांब सुट्टी, आजारपण किंवा घरातला मोठा बदल यांनंतर असं व्हायची शक्यता असतेच. तरी बाबांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज पडलेला होता. फाटकाशी शिक्षिका, तारीख-वार, तक्ता, सगळं पुन्हा पहिल्यापासून. चार दिवस लागले.

इथे घर, शाळा आणि एक समुपदेशक एवढ्यावर भागलं. दर वेळी भागत नाही. चार-सहा आठवडे नेटाने करूनही मूल शाळेत जात नसेल, खाणं-झोप पार बिघडली असेल, किंवा मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या गोष्टी बोलत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला उशीर करू नये. आपल्याकडे नागपुरात ज्याला नुसतं "मेडिकल" म्हणतात त्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. 2022 पासून टेलिमानस या शासनाच्या मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. आजीने मला पहिल्या दिवशी दबक्या आवाजात विचारलं होतं, "त्याले येड तर नाही न लागलं?" हा प्रश्न मनात असल्यामुळेच कितीतरी मुलं डॉक्टरपर्यंत पोहोचत नाहीत.

जानेवारीत आजीच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. साखर असल्यामुळे एक रात्र ठेवून घेणार होते. आईने मला विचारलं, शनिवार-रविवारी उरकून त्याला कळूच दिलं नाही तर? विचारता विचारता तिचं तिलाच उमगलं आणि तिने वाक्य पुरं केलं नाही. त्याच संध्याकाळी त्याला सगळं सांगितलं: तारीख, दवाखाना, सोबत कोण थांबणार, कधी परत आणणार. त्याने कॅलेंडरवर त्या मंगळवारभोवती गोल केला.

मंगळवारी सकाळी पोट थोडं दुखलं, असं त्यानेच सांगितलं, आणि तो व्हॅनमध्ये बसला. शाळेत फोन मागितला नाही, वेळ मात्र तीनदा विचारली. घरी आला तेव्हा आजीची खाट रिकामी होती, पांघरूण घडी करून ठेवलेलं. बाबा ओसरीवर त्याचीच वाट बघत बसले होते. "झालं. बरी आहे. चहा प्यायली," ते म्हणाले. त्याने विचारलं पट्टी कोणत्या डोळ्याला, उजव्याच ना, आणि आत जाऊन हातपाय धुतले.

बुधवारी आजी काळा चष्मा लावून आली. डॉक्टरांनी काही दिवस डोळ्यांना ताण देऊ नका म्हणून सांगितलं होतं. संध्याकाळी त्याने भिंतीवरचा तक्ता काढला, एक वाजताच्या ओळीतला "पेपर" खोडला आणि शेजारी लिहिलं, "काकू वाचून दाखवतील."